‘माझ्या जवळचं’ आणि बाकीच्या अटी: वेबसाइटच्या शोधात अंतर कसं बसवायचं

घरगुती डबे आणि खानावळी शोधून देणारी, फक्त गोव्यापुरती एखादी वेबसाइट धरून चला. शोधाच्या चौकटीत चार रकाने आहेत: जेवणाचा प्रकार, थाळीचा दर, कोणत्या वारी सुरू, आणि ‘माझ्यापासून किती किलोमीटरच्या आत’. पहिले तीन एकत्र लावले तर सगळं ठीक चालतं. चौथा एकटा लावला तर तोही चालतो. चारही एकदम लावले की पणजीतल्या माणसाला दूर दक्षिणेच्या काणकोणची खानावळ दिसायला लागते, नाहीतर काहीच दिसत नाही, नाहीतर वर ‘एकूण ४० निकाल’ लिहिलेलं असतं आणि खाली सहा नोंदी येतात. ही तिन्ही दुखणी वेगळी आहेत, त्यामुळे उपायही वेगळे.

मुळात अंतर ही बाकीच्यांसारखी अट नाही. प्रकार, दर, वार हे नोंदीत आधीच लिहिलेलं असतं. अंतर कुठेच लिहिलेलं नसतं. विचारणारा कुठे उभा आहे त्यावर ते ठरतं आणि प्रत्येकासाठी नव्याने मोजावं लागतं. म्हणून त्याचा थेट इंडेक्स (डेटाबेस पटकन शोधायला आधीच करून ठेवतो ती सूची) करता येत नाही, आणि एकाचं उत्तर साठवून दुसऱ्याला देता येत नाही.

पहिली पायरी: नोंदींची जागा नीट करा

प्रत्येक नोंदीला अक्षांश आणि रेखांश हवेत, आणि तेही आकड्यांच्या स्वरूपात, मजकूर म्हणून नव्हे. दशांशानंतर चार आकडे पुरेत. चौथा आकडा साधारण ११ मीटरचा असतो, आणि खानावळ शोधायला त्याहून बारीक मापाची गरज नाही.

सगळ्यात जास्त घोळ क्रमाचा होतो. आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो, मग रेखांश. जिओजेसनमध्ये, म्हणजे नकाशावरच्या जागा लिहिण्याच्या प्रचलित स्वरूपात, मात्र आधी रेखांश. पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशाची जोड देणाऱ्या पोस्टजिआयएसचं, बिंदू बनवणारं एसटी_मेकपॉइंटही आधी रेखांशच मागतं. इलास्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरची तर कमाल आहे: जागा स्वल्पविराम घालून मजकुरात दिली तर आधी अक्षांश, यादीच्या स्वरूपात दिली तर आधी रेखांश. पणजी म्हणजे अक्षांश १५.४९९, रेखांश ७३.८२८. हे दोन उलटे पडले तर पणजी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. संगणक काही तक्रार करत नाही, कारण ती जागाही पृथ्वीवरच आहे. गोव्यापुरत्या साइटला सोपा पहारा असा: अक्षांश १४.५ ते १६ आणि रेखांश ७३.५ ते ७४.५ यांच्या बाहेरची नोंद घ्यायचीच नाही. शून्य-शून्य भरलेल्या नोंदीही त्यातच अडकतात.

पत्त्यावरून आपोआप जागा काढत असाल तर गावाचं नुसतं नाव देऊ नका. केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. तालुका जोडल्याशिवाय कोणती केरी हे ठरत नाही, आणि चुकीची केरी निवडली गेली तर नोंद दुसऱ्याच तालुक्यात जाऊन बसते. पिनकोडवरून जागा काढणं त्याहून वाईट. एका पिनकोडात कितीतरी वाडे येतात आणि त्या सगळ्यांना एकच बिंदू मिळतो.

जागा नसलेल्या नोंदी वेगळ्या काढा. अंतराची अट लागली की त्या गळणार, ते बरोबरच. पण अंतर न विचारता शोधलं तर त्या दिसायला हव्यात. जागेचं टेबल नोंदीच्या टेबलाला सक्तीच्या जोडणीने जोडलं की त्या कायमच्या गायब होतात, आणि खानावळवाल्याचा फोन येतो की आमचं नाव का नाही.

दुसरी पायरी: विचारणारा कुठे आहे

ब्राउझर जागा सांगतो, पण परवानगी मागून आणि फक्त सुरक्षित जोडणी असलेल्या साइटला. बरेच लोक नकार देतात. त्यांच्यासाठी गावांची यादी ठेवा: पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा, डिचोली, वाळपई, केपे असं करत जितकी भरता येतील तितकी, आणि प्रत्येकासमोर बाजाराच्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश. लोक मडगाव, मारगाव, पणजी, पांजी असं काहीही टाइप करतात, तेव्हा पर्यायी नावंही जोडा.

लोकांची जागा नोंदवून ठेवायचीच असेल तर तीन दशांशांवर आणून ठेवा. ते साधारण ११० मीटर होतं. शोधाला तेवढं चालतं आणि कोणाचं घर उघडं पडत नाही.

तिसरी पायरी: आधी चौकोन, मग वर्तुळ

हजारो नोंदींचं प्रत्येकी अंतर मोजत बसायचं कारण नाही. आधी विचारणाऱ्याभोवती चौकोन काढायचा, त्याबाहेरचं सगळं सोडून द्यायचं, आणि आत उरलेल्यांचंच अंतर मोजायचं. चौकोनाला नुसती वजाबाकी-बेरीज लागते, शिवाय अक्षांश-रेखांशावर साधा इंडेक्स चालतो.

आकडे घालून बघू. गोव्याच्या पट्ट्यात अक्षांशाचा एक अंश साधारण ११०.६ किलोमीटर आणि रेखांशाचा एक अंश १०७ किलोमीटरच्या थोडा वर. रेखांशाचा कमी, कारण विषुववृत्तापासून वर सरकलं की रेखांश एकमेकांच्या जवळ येतात. त्यासाठी अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. पणजीपासून १२ किलोमीटर हवे असतील तर अक्षांशात दोन्हीकडे ०.१०९ आणि रेखांशात दोन्हीकडे ०.११२. चौकोन झाला अक्षांश १५.३९० ते १५.६०८, रेखांश ७३.७१६ ते ७३.९४०. फोंडा ७४.०१ च्या आसपास, म्हणजे बाहेर. म्हापसा आत, जुने गोवे आत, वास्कोही जेमतेम आत.

चौकोनाचे कोपरे मात्र १७ किलोमीटरपर्यंत जातात, आणि चौकोनाचा एक पंचमांशाहून अधिक भाग वर्तुळाबाहेर असतो. म्हणून दुसरी चाळणी हवीच. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ५.७ आवृत्तीपासून एसटी_डिस्टन्स_स्फिअर आहे, ते मीटरमध्ये अंतर देतं. स्वतः इंडेक्स वापरत नाही, म्हणून चौकोन आपणच द्यायचा. पोस्टजिआयएसमध्ये एसटी_डीविदिन वापरा, ते चौकोनाचं काम इंडेक्समधून आपणच करतं. तिथे एसटी_डिस्टन्स काढून ‘१२,००० पेक्षा कमी’ असं लिहिलं तर उत्तर तेच येतं, पण सगळं टेबल वाचून येतं.

जुन्या कोडमध्ये अंतर मोजायचं आर्ककोसाइनचं सूत्र सापडलं तर एक बघा. विचारणारा आणि नोंद अगदी एकाच बिंदूवर असतील तर दशांशांच्या गोळाबेरजेत आतला आकडा एकाच्या किंचित वर जाऊ शकतो. मायएसक्यूएल तिथे नल (रिकामं उत्तर) देतं आणि सगळ्यात जवळची खानावळच निकालातून गळते. आतल्या आकड्याला एकची वरची मर्यादा घाला, किंवा हॅवरसाइन हे अंतराचं दुसरं सूत्र वापरा.

चौथी पायरी: कंस

पणजीतून मागणी अशी: १२ किलोमीटरच्या आत, थाळी १५० रुपयांपर्यंत, प्रकार शिवराक (शाकाहारी) किंवा मिश्र. आपल्याकडे पाच नोंदी आहेत असं समजा:

ताळगाव, शिवराक, १३० रुपये
म्हापसा, मिश्र, १४० रुपये
फोंडा, शिवराक, १२० रुपये
काणकोण, मिश्र, ४०० रुपये
मेरशी, मासळी, १४० रुपये

बोलतो तसं लिहिलं तर अट अशी होते:

अंतर ≤ १२ आणि दर ≤ १५० आणि प्रकार = शिवराक किंवा प्रकार = मिश्र

डेटाबेस ‘आणि’ आधी बांधतो, ‘किंवा’ नंतर. म्हणजे त्याच्या लेखी हे दोन गट झाले: एक, जवळची स्वस्त शिवराक; दोन, कुठलीही मिश्र. ताळगाव येतं, म्हापसा येतं आणि साठेक किलोमीटरवरची काणकोणची ४०० रुपयांची थाळीही येते. फोंडा मात्र येत नाही, आणि इथेच माणूस फसतो. दूरची एक नोंद बरोबर गळालेली दिसते, म्हणून अंतराची अट लागू आहे असं वाटतं आणि दोष काणकोणच्या नोंदीतल्या अक्षांशाला दिला जातो.

बरोबर रूप:

अंतर ≤ १२ आणि दर ≤ १५० आणि (प्रकार = शिवराक किंवा प्रकार = मिश्र)

आता ताळगाव आणि म्हापसा, एवढंच. एका रकान्यातले पर्याय ‘किंवा’ने कंसात आणि वेगवेगळे रकाने ‘आणि’ने बाहेर, हा साचा कधी मोडू नका. अंतर कायम सगळ्यात बाहेरच्या पातळीवर. ड्रुपल या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या व्ह्यूजमध्ये (याद्या बनवायच्या सोयीत) हेच फिल्टरच्या गटांनी करायचं: अंतर आणि दर ‘आणि’च्या गटात, प्रकार वेगळ्या ‘किंवा’च्या गटात. सोलर या शोधाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक एफक्यू (गाळायची अट) दुसऱ्याशी ‘आणि’नेच जोडला जातो, तेव्हा ‘किंवा’ एकाच एफक्यूच्या आत ठेवला की झालं.

रिकाम्या रकान्यांचंही बघा. दराचा रकाना कोणी भरला नाही आणि कोडने तो शून्य धरला, तर ‘शून्य रुपयांपर्यंतची थाळी’ शोधली जाते. न भरलेली अट प्रश्नात (डेटाबेसला पाठवायच्या क्वेरीत) घालायचीच नाही.

मायएसक्यूएलमध्ये आणखी एक आडवाट आहे. मोजलेल्या अंतराला दिलेलं टोपणनाव व्हेअरमध्ये (क्वेरीतल्या नेहमीच्या अटींच्या भागात) चालत नाही, म्हणून लोक ती अट हॅविंगमध्ये (मागाहून लागणाऱ्या अटींच्या भागात) टाकतात. यादी बरोबर येते. पण एकूण संख्या मोजणारा दुसरा प्रश्न बहुतेक वेळा व्हेअरपुरताच उचललेला असतो, त्यात अंतर येत नाही. ‘४० निकाल’ आणि खाली सहा नोंदी, ते याचमुळे. मोजणीलाही तोच पूर्ण प्रश्न द्या; अंतर आतल्या उपप्रश्नात मोजून बाहेर अट लावली की दोन्हीकडे एकच गोष्ट वापरता येते. बाजूला ‘शिवराक १२, मासळी ३०’ असे आकडे दाखवत असाल तर तेही त्याच वर्तुळातले हवेत.

पाचवी पायरी: अट की क्रम

माझं मत विचाराल तर निम्म्याहून अधिक साइटींवर अंतर ही अट असायलाच नको, तो क्रम असायला हवा. पाच किलोमीटरची रेघ मारली की ५.२ किलोमीटरवरची उत्तम खानावळ नाहीशी होते, आणि वापरणाऱ्याला ती होती हेही कळत नाही. जिथे अंतर ओलांडणं खरंच शक्य नाही तिथेच ती अट. बाकी ठिकाणी मोठा परीघ ठेवून जवळचं वर आणायचं.

पण नुसतं अंतरावर लावणंही बावळटपणाचं. २.१ आणि २.४ किलोमीटरमध्ये जेवणाऱ्याला काय फरक? मी पट्टे करतो: ० ते ३, ३ ते ६, ६ ते १२. पट्ट्याप्रमाणे आधी क्रम, आणि एका पट्ट्यात दराप्रमाणे किंवा लोकांच्या पसंतीप्रमाणे. शेवटी नोंद-क्रमांकही जोडायचा, म्हणजे बरोबरीत असलेल्या नोंदी दुसऱ्या पानावर पुन्हा येत नाहीत. इलास्टिकसर्चमध्ये गॉस नावाचं उताराचं सूत्र तयार आहे, अंतर वाढेल तसे गुण हळूहळू उतरतात. मजकुराचा शोध असेल तर ते बरं. साध्या यादीला पट्टे पुरतात आणि एखादी खानावळ वर का आली हे मालकाला सांगताही येतं.

आणि तालुका? कोणी बारदेश निवडला आणि पणजीपासून ५ किलोमीटरही निवडले, तर दोन्ही अटी लावून पर्वरी, बेती, वेरें असा नदीकाठचाच तुकडा उरतो. तालुका निवडलेला असेल तर तोच अट धरा आणि अंतराला क्रमावर उतरवा. तालुका निवडणाऱ्याच्या डोक्यात बहुधा तेच असतं.

सहावी पायरी: डबा पोचवणाऱ्याचं स्वतःचं अंतर

हे बहुतेक ठिकाणी सुटतं. खानावळीत माणूस जातो, पण डबा माणसाकडे येतो. कुठलीशी बाई रायबंदरहून ४ किलोमीटरपर्यंत डबा देते, दुसरी १० पर्यंत. इथे वापरणाऱ्याने निवडलेल्या अंतराला अर्थ नाही. अट अशी हवी: अंतर ≤ त्या नोंदीचं सेवा-अंतर.

अडचण चौकोनाची. परीघ प्रत्येक नोंदीचा वेगळा, मग चौकोन केवढा काढायचा? सगळ्या नोंदींतलं सर्वांत मोठं सेवा-अंतर घ्या आणि तेवढा काढा. कोणी एकाने हौसेने १०० किलोमीटर लिहून ठेवलं की चौकोन अख्ख्या गोव्याएवढा होतो. तेव्हा अर्जातच कमाल मर्यादा घाला. खानावळ आणि डबा दोन्ही एकाच शोधात हवे असतील तर पुन्हा कंस:

((सेवा = बसून आणि अंतर ≤ निवडलेलं) किंवा (सेवा = डबा आणि अंतर ≤ सेवा-अंतर)) आणि बाकीच्या अटी

इथे अंतर ‘किंवा’च्या आत गेलं खरं, पण दोन्ही फांद्यांत आपापलं अंतर आहे. आधी म्हटलेला साचा तुटत नाही.

सातवी पायरी: नद्या

आतापर्यंतचं सगळं कुठल्याही राज्यात चाललं असतं. गोव्यात मांडवी आणि झुआरी आडव्या येतात. पणजीहून म्हापसा आणि वास्को सरळ रेषेत जवळजवळ सारखेच, अकरा किलोमीटरच्या आसपास. रस्त्याने म्हापसा तेरा-चौदा, आणि वास्को आगशी–कुठ्ठाळीचा झुआरी पूल गाठून तीसच्या घरात. दोनापावलाच्या धक्क्यावरून मुरगाव बंदर समोर दिसतं. तिथला माणूस शोधायला लागला तर आपली साइट मुरगावची खानावळ ‘अगदी जवळ’ म्हणून दाखवणार. जुन्या गोव्याहून दिवाडी बेट हाकेवर आहे, पण फेरीबोटीशिवाय पाय ठेवता येत नाही.

स्वस्त उपाय: प्रत्येक नोंदीला ‘काठ’ नावाचा रकाना द्या. मांडवीच्या उत्तरेला, दोन नद्यांच्या मध्ये, झुआरीच्या दक्षिणेला, आणि बेटं वेगळी. विचारणाऱ्याचा काठ त्याच्या जागेवरून ठरवा. काठ वेगळा असेल तर नोंद फेकू नका, क्रमात खाली ढकला आणि तिच्यासमोर ‘नदीपलीकडे’ लिहा. फेरीबोटीने रोज ये-जा करणाऱ्याला दिवाडीची खानावळ हवीही असेल. डब्याच्या बाबतीत मात्र काठ ही अटच करा.

महाग पण नेमका उपाय म्हणजे रस्त्याचं अंतर. ओपनस्ट्रीटमॅपच्या खुल्या नकाशावर चालणारं ओएसआरएम हे रस्ते शोधायचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं आणि एका बिंदूपासून अनेकांपर्यंतची अंतरं ते एका विनंतीत देतं. सगळ्या नोंदी त्याच्याकडे पाठवू नका. आधी सरळ रेषेचं वर्तुळ आणि बाकीच्या सगळ्या अटी लावा, उरलेल्या वीस-तीसच पाठवा. सरळ रेषेपेक्षा रस्ता कधीच कमी नसतो, त्यामुळे रस्त्याने १२ किलोमीटरच्या आतली एकही नोंद या पहिल्या चाळणीत गळत नाही.

ज्या त्या सॉफ्टवेअरची खोड

वर्डप्रेसमध्ये अक्षांश-रेखांश पोस्टमेटात (पोस्टच्या जादा माहितीच्या टेबलात) ठेवले तर ते मजकूर म्हणून बसतात. मेटाक्वेरीत (त्या माहितीवरच्या शोधात) आकड्याचा प्रकार नुसता ‘डेसिमल’ दिला तर अपूर्णांक उडतो आणि १५.४९९ चे १५ होतात. अंकांची संख्या सांगून द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक अटीला आणखी एक जोडणी. नोंदी शेकड्यांत गेल्या की पोस्टचा क्रमांक, अक्षांश, रेखांश एवढंच असलेलं वेगळं टेबल करा.

सोलरमध्ये जिओफिल्टला, म्हणजे अंतराच्या चाळणीला, कॅश (उत्तरं साठवून ठेवणं) बंद करा. प्रत्येकाचा बिंदू वेगळा, साठवून उपयोग शून्य, आणि उगाच प्रकार-वाराच्या कामाच्या चाळण्या कॅशमधून बाहेर ढकलल्या जातात. अंतर तिथे किलोमीटरमध्ये द्यायचं असतं, पोस्टजिआयएसच्या जिऑग्रफी प्रकारात मीटरमध्ये. इलास्टिकसर्चमध्ये अंतर, दर, प्रकार हे सगळं फिल्टरमध्ये ठेवा. पोस्टफिल्टरमध्ये (बाजूचे आकडे मोजून झाल्यावरच्या गाळणीत) टाकलेली अट बाजूच्या आकड्यांना लागू होत नाही. मोंगोडीबी या डेटाबेसात जिओनिअर ही जवळचं शोधायची पायरी सगळ्यात पहिलीच असावी लागते, म्हणून बाकीच्या अटी तिच्याच क्वेरी पर्यायात द्या. नंतर गाळलंत तर आधी हजारो नोंदी क्रमाने लावून मग फेकल्या जातात.

काहीच सापडलं नाही तर

कोरं पान दाखवू नका, अट सैल करा; पण कोणती, हे आधी ठरवून ठेवा. माझा क्रम: आधी अंतर, मग दर. प्रकार कधीच नाही. श्रावणात शिवराक मागणाऱ्याला जवळ आहे म्हणून मासळीची थाळी दाखवली तर तो साइट परत उघडणार नाही. सैल केलं ते लिहून सांगा: ‘५ किलोमीटरमध्ये नाही, ९ किलोमीटरवर मिळाली.’

तपासणी

नोंदी मोजक्या आणि ओळखीच्या घेऊन, उत्तर आधी कागदावर लिहून मग शोध चालवा. पणजीच्या बिंदूवरून वरच्या पाच नोंदी. त्याच पाच, दर न भरता. एकही प्रकार न निवडता. नोंदीच्याच बिंदूवर उभं राहून. मग दोनापावला, मग दिवाडी. शेवटी तेरेखोल तपासा. केरीहून फेरीबोटीने गाठायचा हा गोव्याचा तुकडा नदीच्या उत्तरेला आहे, आणि जमिनीने जवळचं म्हणजे महाराष्ट्रातलं रेडी, शिरोडा. कोडमध्ये कुठे ‘राज्य = गोवा’ अशी अट आत दडलेली असेल, किंवा पहिल्या पायरीतला पहारा सीमेला चिकटवून लावला असेल, तर तिथल्या माणसाला शेजारची खानावळ कधीच दिसणार नाही. ती दाखवायची की नाही हे साइट कोणासाठी आहे त्यावर ठरवा, आणि ठरवल्याप्रमाणे ती अट कोडमध्ये उघड लिहा.